वाचायला शिकवू आम्ही, बोलत राहा तुम्ही



या सत्रात पहिली-दुसरीच्या मुलांना दिवाळीपर्यंत मराठीचा लेखी गृहपाठ द्यायचा नाही, असे आम्ही ठरवले. त्याऐवजी दर शुक्रवारी एक कापडी पिशवी घरी येते. तिच्यात गोष्टीचे एक पुस्तक असते आणि वर्गातल्या फळ्यावरची चार-पाच वाक्ये लिहिलेला एक कागद. पहिल्या पालकसभेत यावर पुष्कळ चर्चा झाली; खरे सांगायचे तर पुष्कळ नाराजी व्यक्त झाली. "मॅडम, कॉपी कोरीच्या कोरी आहे," "शेजारच्या मुलाची बाराखडी पूर्ण झाली, आमचा अजून पाच अक्षरांवर," "पिशवीतलं पुस्तक आम्ही वाचायचं, मग शाळा काय करते?" हे शेवटचे वाक्य ज्यांनी म्हटले त्यांचा मला राग आला नाही. प्रश्न रास्त आहे. सभेत प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात, त्यात उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे देत आहे.

आधी कॉपीबद्दल. आपल्या इंदुरात वहीला कॉपी म्हणतात, आणि पहिलीच्या वहीच्या बाबतीत हा शब्द अगदी चपखल बसतो. 'क' दहा ओळी, 'ख' दहा ओळी. मूल पहिला 'क' बघून काढते, दुसरा पहिल्याकडे बघून, आणि दहाव्या ओळीपर्यंत त्या 'क'चे पोट कुठे आणि शेपूट कुठे ते कळेनासे होते. हात दुखतो, आई रागावते, वही भरते. पण 'क' हे 'काका'मधले पहिले अक्षर आहे हे त्या दहा ओळींत कुठेच येत नाही. वळणासाठी लिहिणे लागतेच, त्याला विरोध नाही. ते आम्ही वर्गात करून घेतो, बाई शेजारी उभ्या असताना, पाच-सात अक्षरे. भरलेली वही पालकांना दिसते आणि वाचता येणे दिसत नाही, एवढीच खरी अडचण आहे.

दिसत नाही म्हणजे काय, याचे एक उदाहरण. मागच्या वर्षी पहिलीतला एक मुलगा पाठ धडाधड वाचत असे. बोट ओळीवर, आवाज खणखणीत. एकदा बाईंनी त्याच्या नकळत पान उलटले, तर तो मागच्या पानावरचा मजकूर तसाच पुढे म्हणत राहिला. घरी रोज संध्याकाळी पाठ करून घेतला जात होता. त्याच्या आईची मेहनत खोटी नव्हती, मुलाची स्मरणशक्ती तर उत्तमच होती. पण असे मूल दुसरीच्या मध्यापर्यंत निभावते, आणि धडे लांब झाले की एकदम गप्प होते. मग शाळेत निघायच्या वेळी पोट दुखू लागते. पुष्कळ घरांत ही पोटदुखी डॉक्टरांना दाखवून झाली असेल.

देशभराचे चित्र काही वेगळे नाही. 'असर' हे ग्रामीण भागातल्या घरोघरी जाऊन केले जाणारे सर्वेक्षण २००५ पासून होत आहे. २०२४च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ साली हा आकडा २०.९ होता, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ पर्यंत घसरला, आता वर आला आहे. वर येऊनही चारांपैकी एक भरत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू केले ते याचसाठी. आपल्या मध्य प्रदेशात ते 'मिशन अंकुर' या नावाने चालते. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे त्यात उद्दिष्ट आहे. त्यातले 'साठ' सगळ्यांच्या लक्षात राहते, 'समजून' राहत नाही. काही ठिकाणी मोबाइलचे स्टॉपवॉच लावून मुलांना पळवतात असे ऐकते. आमच्याकडे ते होणार नाही.

आता वर्गात काय चालते ते सांगते, कारण "पाच अक्षरांवरच आहे" या तक्रारीचे उत्तर त्यात आहे. अ-अननसपासून ज्ञ-ज्ञानेश्वरापर्यंत ओळीने जाण्याचा क्रम व्याकरणाला सोयीचा आहे, कारण तो तोंडातल्या उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेला आहे. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा लगेच उपयोग नाही. कवर्ग संपेपर्यंत त्याच्या हातात क, ख, ग, घ आणि कुठेच न भेटणारा ङ एवढेच येते; त्यातून वाचण्यासारखे काय बनणार? म्हणून आम्ही क, म, न, र, ल आणि काना एवढेच आधी घेतो. मग पहिल्याच महिन्यात मुलाला काका, मामा, नाक, कान, मान, काम, रान, लाल, मला, कमान हे सारे शब्द वाचता येतात. पाच अक्षरे आणि एक काना. एक वेलांटी दिली की काकी आणि मामी येतात, आणि मुले खुदखुदतात, कारण वर्गात प्रत्येकाला एक तरी मामी आहे. अक्षरांचे असे गट पाडून शिकवणे ही आमची कल्पना नव्हे. महाराष्ट्रात या दिशेने पुष्कळ काम झाले आहे. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन कसे शिकवावे यावर वर्षानुवर्षे काम केले. अमेरिकेत जन्मलेली बाई फलटणच्या मुलांना मराठी वाचायला शिकवते, आणि आम्ही इंदुरी मराठी माणसे घरी "बेटा, इधर आओ" म्हणतो! असो.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजची 'बातमी'. सकाळी पहिल्या तासाला तीन-चार मुले काहीतरी सांगतात आणि बाई ते फळ्यावर लिहितात. "काल आजीने साबुदाण्याची खिचडी केली." "आमच्या गल्लीत कुत्रीला पाच पिल्ले झाली." "मी नानीकडे गेलो, खूप मजा आली." मग सगळे मिळून ते वाचतात. अक्षरे अजून सगळी येत नसतात, पण वाक्य स्वतःचे असल्यामुळे मूल ओळखीच्या अक्षराला पकडून बाकीचे अंदाजाने काढते, आणि हळूहळू अंदाजाची जागा अक्षर घेते. शुक्रवारच्या पिशवीतला कागद तो हाच. एका आजोबांनी हरकत घेतली की 'नानी' मराठी शब्द नाही, 'आजी' लिहा. अहो, त्या मुलाची आई हिंदीभाषक घरातली आहे, तिची आई त्याची नानीच असणार. 'खूब'चे 'खूप' आम्ही करतो, 'नानी'ची 'आजी' करणार नाही.

इथपर्यंत काम शाळेचे. ते आम्ही करू, आणि आमचे चुकले तर आम्हाला जाब विचारा. पण एक काम असे आहे की शाळेला ते आठवड्याच्या चार तासांत करता येत नाही. मुलाच्या कानात मराठी पडली पाहिजे. ही भावनेची गोष्ट नाही, वाचनाच्या तंत्राचीच आहे.

आपली मुले हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत वाचतात, त्यामुळे पालकांना वाटते की एक आले की दुसरे आपोआप येईल. निम्मे खरे आहे. पण तेच अक्षर दोन भाषांत दोन तऱ्हेने बोलते. 'ज्ञान' हिंदीत 'ग्यान', मराठीत 'द्न्यान'. 'कृष्ण' हिंदीत 'क्रिष्ण', मराठीत 'क्रुष्ण'. 'पैसा'मधला 'पै' दोन्हीकडे सारखा लिहितात, उच्चार वेगळा. 'केलं', 'पुस्तकं' यांवरचा अनुस्वार मराठीत नाकातून म्हणायचा नसतो, शेवट थोडा लांबवायचा असतो. हिंदीत तयार झालेले मूल तिथे हटकून नाकात जाते. 'चार' आणि 'चाक' यांतला च एकच लिहितात, पण 'चार'मधला हिंदीसारखा आणि 'चाक'मधला दंततालव्य, जो हिंदीत नाहीच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, लिहायला तंतोतंत सारखे, म्हणायला वेगळे. कोणता च आणि कोणता ज, हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते. ते मुलाच्या कानाने सांगायचे असते. ज्याने घरात 'सायकलचं चाक' शंभर वेळा ऐकले आहे तो बरोबर वाचतो. ज्याने ऐकलेले नाही तो 'चाकू'तल्यासारखे वाचतो, आणि त्याला कितीही वेळा लिहायला लावले तरी त्यात फरक पडत नाही.

ळचे तर काय सांगावे. हिंदीच्या पुस्तकातल्या वर्णमालेत तो नाही, तरी माळवी आणि निमाडी बोलणाऱ्यांच्या तोंडात आहे. भाजीवाल्या मावशी तो आपल्या मुलांपेक्षा चांगला म्हणतात. आपण होळकरांच्या गावात राहतो आणि प्रत्येक पाटीवर 'होलकर' वाचतो. टिळकांच्या नावाची वसाहत 'तिलक नगर' होते. पाट्यांचा दोष नाही, ती हिंदीची रीत आहे. पण मुलाने 'होळकर' कधी कानांनी ऐकलेच नाही, तर पुस्तकातला ळ त्याला छापण्यातली चूक वाटेल. शब्दांचेही तसेच. 'शिक्षा' हिंदीत मिळवायची असते, मराठीत टाळायची. 'आई आली' हे वाक्य एका मुलीने मोठ्या आत्मविश्वासाने वाचले आणि विचारले, "बाई, कोण आई?" हिंदीच्या हिशेबाने तिचे बरोबरच होते, आई म्हणजे 'आली', मग आली कोण?

वाचनाचा अभ्यास करणाऱ्या गॉफ आणि टन्मर या दोघांनी १९८६ साली एक साधे गणित मांडले होते, ते मला फार पटते. समजून वाचणे म्हणजे अक्षरे उलगडणे गुणिले भाषा समजणे. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. अक्षरांची बाजू शाळेची आहे. भाषेची बाजू फार करून घरची, आणि ती शून्याच्या जवळ गेलेली घरे मला दर वर्षी अधिक दिसतात.

मी स्वतः पहिलीपासून पदवीपर्यंत हिंदी माध्यमात शिकले. मराठी मला कोणत्याही शाळेने शिकवली नाही. आजी दुपारी तांदूळ निवडायला बसायची आणि मी तिला मुंबई-पुण्याहून आलेले जुने अंक मोठ्याने वाचून दाखवायचे. तिला बारीक अक्षर दिसत नव्हते, चष्मा लावायचा कंटाळा होता, पण मी 'ग्यानेश्वर' म्हटले की सुपातली नजर वर न करता ती म्हणायची, "कोण गं बाई हा?" कागद न बघता तिला चूक ऐकू यायची. तिने मला एकही अक्षर शिकवले नाही, तिला फक्त ऐकायला वेळ होता. हिंदी शिकल्याने माझे मराठीचे काही बिघडले नाही आणि मराठीमुळे हिंदीचेही नाही. हिंदीत मला नेहमी चांगले गुण मिळाले. म्हणून "दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो" असे कोणी म्हणाले की मी त्यांना बसवून चहा देते आणि विचारते, गोंधळ मुलाचा होतो की आपला?

पालकांनी काय करायचे, ते आता स्पष्टच सांगते. रोज दहा मिनिटे. जास्त नको. पिशवीतले पुस्तक पहिल्या दिवशी तुम्ही वाचा, मूल ऐकेल आणि चित्रे बघेल. दुसऱ्या दिवशी त्याला येतात ते शब्द त्याला वाचू द्या, बाकीचे तुम्ही. मूल अडले तर लगेच तोंड उघडू नका, मनात पाचापर्यंत मोजा. पुष्कळदा तीनच्या आत त्याचे त्याला सुचते. नाहीच सुचले तर शब्द सांगून पुढे जा, "कालच तर सांगितलं होतं" हे म्हणू नका. गोष्ट संपल्यावर "तात्पर्य काय?" विचारू नका. "ससा आता घरी जाऊन आईला काय सांगेल?" असे काही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला मूल चार वाक्ये बोलते, पहिल्याला गप्प बसते.

"पण आम्हालाच मराठी वाचता येत नाही," असे सांगणारे पालक आता कमी नाहीत, आणि हे सांगताना ते खजील होतात. त्याची काही गरज नाही. ज्या आया मुळात मराठीच नाहीत त्यांना तर मी मुद्दाम सांगते, तुम्ही हिंदीत गोष्ट सांगा, पोटभर सांगा. गोष्ट ऐकायची सवय, पुढे काय होणार याचा अंदाज, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली बोट फिरवणे, हे सगळे भाषा बदलली तरी टिकते. मोडकी-तोडकी मराठी बोलण्यापेक्षा चांगली हिंदी केव्हाही बरी. मराठीसाठी घरातले आजी-आजोबा आहेत, नसतील तर फोनवर पुण्याची आत्या आहे. तिला म्हणावे, "काय गं, जेवलीस का" एवढ्यावर ठेवू नकोस, एक गोष्ट सांग. आणि ज्या घरी आई-वडील दोघेही मराठी आहेत, एकमेकांशी मराठीत बोलतात आणि मुलाकडे वळले की हिंदी किंवा इंग्रजी सुरू करतात, त्यांच्याबद्दल मला थोडे कडक बोलावेसे वाटते. मुलाच्या भल्यासाठी करतो, असे ते म्हणतात. मुलाला त्यातून एवढेच कळते की ही मोठ्यांची भाषा आहे, आपली नाही.

शिकलेल्या पालकांशिवाय हे जमत नाही, असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाडला जे काम केले, ते वारली पाड्यांवर केले. घरात कागदाचा कपटा नाही, आई-वडील मजुरीला. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द तिथला. शिंपले, पाने, बिया हीच साधने. आपल्या घरी तर टीव्हीचा रिमोट, वॉशिंग मशीनची बटणे आणि पोह्यांच्या दुकानाची पाटी एवढे वाचायला आहे. (पाटीवर 'पोहा' असेल, आपण 'पोहे' म्हणतो, हा फरक मुलाला दाखवा, त्याला फार आवडतो.)

ट्यूशनबद्दल दोन शब्द. पहिलीच्या मुलाला वाचनासाठी ट्यूशन लावू नका. शाळा सुटल्यावर थकलेले मूल पुन्हा दीड तास बाराखडी घोकते, आणि त्या ताई बिचाऱ्या वही भरली की सुटतात, कारण तुम्ही त्यांनाही वहीच विचारता. मूल मागे आहे असे वाटले तर आधी वर्गशिक्षिकेला भेटा. शनिवारी साडेअकरानंतर त्या थांबतात. काही मुलांचा डोळ्यांचा किंवा कानाचा प्रश्न असतो, काहींना अक्षरांशीच खरी अडचण असते, ती वेगळ्या मदतीने सुटते. ते जितके लवकर कळेल तितके चांगले, आणि ओरडून ते कळत नाही.

"मराठी वाचून पुढे काय मिळणार?" हा प्रश्न सभेत कोणी मोठ्याने विचारला नाही, बाहेर पार्किंगमध्ये विचारला गेला, माझ्या कानावर आला. नोकरीचे आश्वासन मी देऊ शकत नाही. राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी, असे १९५६ पासून लिहिलेले आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणते. पण मराठीचा तास रिकामा पडू लागला तर कलमे तो भरून काढणार नाहीत. मी रोज वर्गात बघते ते एवढेच: ज्या मुलाला एका भाषेत गोष्टीत बुडून जायची सवय लागली, ते इंग्रजीच्या पुस्तकालाही भीत नाही. ज्याला कुठल्याच भाषेत ती लागली नाही, ते तिन्ही भाषांत अक्षरे जुळवत बसते.

पुस्तकांची चणचण आहे, हे मान्य. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि हिंदी गोष्टी फुकट आहेत, स्तराप्रमाणे लावलेल्या. फोनवर दाखवण्यापेक्षा छापून आणा. सोळा पानांना कितीसे पैसे लागतात? भोपाळच्या एकलव्यचे 'चकमक' १९८५ पासून निघते, हिंदीत आहे, घरी असावे. बालभारतीचे 'किशोर' थोड्या मोठ्या मुलांसाठी. महाराष्ट्रातून कोणी येणार असेल तर चितळ्यांच्या बाकरवडीबरोबर दोन मराठी पुस्तकेही मागवा. मराठी पुस्तकातला ल आणि श हिंदीपेक्षा जरा वेगळ्या वळणाचा दिसेल, ल दोन पाकळ्यांचा. मुलाने "हा ल चुकीचा आहे" म्हटले तर सांगा, दोन्ही बरोबर आहेत.

पिशव्या सध्या प्रत्येक वर्गाला बारा आहेत, मुले जास्त आहेत, त्यामुळे निम्म्या मुलांना एक आड एक शुक्रवारी मिळते. ज्यांच्याकडे मुलांची वाचून झालेली, फार फाटलेली नसलेली पुस्तके आहेत त्यांनी ती ऑफिसात आणून द्यावीत. शिलाई येणाऱ्या आयांनी जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून दिल्या तर फारच उत्तम. पिशवी सोमवारी परत यावी. पुस्तकावर हळदीचे बोट उमटले किंवा पान थोडे दुमडले तर दंड नाही. पूर्वी होता, तो या महिन्यापासून बंद केला आहे. पिशवी आतल्या कोऱ्या करकरीत पुस्तकासह, कागदाची घडीही न उघडता परत आली, तर मात्र मी फोन करीन.